तीन खाचांचा हिरवा

३ फेब्रुवारी

ठमे,

पाकिटावर नाव वहिनीचं होतं, तरी ते मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे आईने आपल्याला एकाच चपराकीत शिकवलं होतं. पण ते उघडायला आता या घरात दुसरं कुणी उरलं नाही.

तुझी वहिनी गेली. डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, सकाळी, चहा गाळता गाळता. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. मी खाली कारखान्यात होतो. वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मी खालूनच ओरडलो, “आता काय पाडलंस?” अडतीस वर्षांच्या संसारातलं माझं शेवटचं वाक्य ते.

तुला कळवलं नाही, कारण पत्ता नव्हता. म्हणजे मला वाटत होतं की नाही. तुझं पाकीट आलं तेव्हा कळलं की तुम्ही दोघी वीस वर्षं एकमेकींना लिहिताय. मग शोधाशोध केली. तुझी पत्रं चॉकलेटच्या साच्यांच्या कपाटात सापडली, हत्तीच्या मोठ्या साच्याखाली. तो साचा मी कधी काढत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पत्रं मी वाचलेली नाहीत. दोनच वाचली.

तुझ्या लेकाचं वाचलं. बोटीवरच्या नोकरीसाठी सगळ्या परीक्षा पास व्हायच्या आणि शेवटी ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसला नाही म्हणून घरी पाठवायचं, हे काही बरोबर नाही. डॉक्टरांचंही चुकतं. दुसरीकडे दाखवा. तू लिहिलं आहेस, “हे आमच्यात आलं कुठून? डॉक्टर म्हणतात आईकडून येतं. पण आपल्या आईला सगळं दिसायचं, मला दिसतं, आणि दादा तर रंगांचा बादशहा.” हे तू वहिनीला विचारलं होतंस. मला विचारलेलं नाहीस, तेव्हा मी त्यावर काही लिहीत नाही.

जुनं उकरून काढायची माझी इच्छा नाही. त्या पानांचं जे झालं ते झालं. तुझ्या हातून चूक झाली, माझ्या तोंडून चार शब्द जास्त गेले. फिटंफाट झाली असं समजू.

तब्येतीला जप.

दादा


१७ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या पाच ओळी मिळाल्या. चार वहिनीबद्दलच्या, आणि पाचवी, “फिटंफाट झालेली नाही.” बरं. नसेल झाली.

तू विचारलंस, जाताना तिच्या अंगावर काय होतं. तोच जुना स्वेटर. थंडी पडली की दुसरं काही घालायचीच नाही, तुला माहीतच आहे.

कारखाना तसाच आहे. रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरायचं आणि मान वाकवायची. चॉकलेट पसरायच्या संगमरवरी लादीसमोरच्या खिडकीतून अजून माणसांचे फक्त पायच दिसतात. तू अकरा वर्षांची असताना त्या खिडकीशी स्टूल टाकून बसायचीस आणि पायांवरून माणसं ओळखायचीस. “पोस्टमन आला. त्याची बायको माहेरी गेलीय, बूट पुसलेले नाहीत.” मी वीस वर्षांचा होतो आणि बाबांच्या बिस्किटांच्या दुकानाचं चॉकलेटचं दुकान करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. बाबा म्हणाले होते, “कर. बिस्किटं खाऊन लोक पोट भरतात, चॉकलेट खाऊन काय भरतात ते मला कळव.”

परवा रात्रपाळीच्या नर्सबाई कामावरून घरी जाताना आल्या, त्यांना तुझी आठवण होती. म्हणाल्या, “ती तुमची बहीण लादीवर चॉकलेट पसरायची तेव्हा मी खिडकीशी वाकून बघत उभी राहायचे.” खरंच तुझा हात फार सुंदर चालायचा. वितळलेल्या चॉकलेटचे तीनातले दोन वाटे लादीवर ओतायचे, पात्याने पसरायचं, गोळा करायचं, परत पसरायचं, आणि जाड होऊ लागलं की उरलेल्या गरम वाट्यात परत. मी खालच्या ओठाला लावून अंदाज घ्यायचो. तू ओठाला न लावताच सांगायचीस, “झालं, दादा.” जमलं की थिजल्यावर आरशासारखं चकाकायचं आणि मोडताना टक्‌ वाजायचं. एखादा अंश चुकला की राख फासल्यासारखे पट्टे.

तुझं पहिलं पातेलं आठवतं? तेरा वर्षांची होतीस. पांढऱ्या चॉकलेटात रंग घालायचा म्हणून शाळेतून येताना केकवाल्याकडची पाण्यात कालवलेल्या रंगाची बाटली घेऊन आलीस, आणि मला न विचारता चांगलं चमचाभर ओतलंस. डोळ्यांदेखत पातेलंभर चॉकलेटची ओली वाळू झाली. चमचा उभा राहिला त्यात. तू रडायच्या बेतात होतीस. मी म्हणालो, “चॉकलेटला पाणी म्हणजे आपल्या आजोबांना पाहुणे. थेंबभर आले तरी घट्ट होऊन बसतात.” मग तुला दाखवलं, रंग कोकोच्या लोण्यात घोटायचा आणि घालताना चॉकलेटइतकाच कोमट ठेवायचा, नाहीतर लादीवरची सगळी मेहनत फुकट. त्या दिवशी मी रागावलो नव्हतो. हे तुला आठवावं म्हणून लिहितोय.

आणि सोळाव्या वर्षी तू मला शिकवलंस. निळा घातला की काहीतरी कळकट दिसतं अशी सगळे ओरड करायचे. तू म्हणालीस, “दादा, पांढरं चॉकलेट पांढरं नसतंच, पिवळट असतं. पिवळ्यात निळा म्हणजे हिरवट होणारच.” काडीच्या टोकावर आधी जांभळा घेतलास, त्याने पिवळी झाक मारलीस, मग निळा. दुकानात आलेला प्रत्येक जण त्या निळ्याबद्दल माझी पाठ थोपटून गेला. मी थोपटू दिली.

तू विचारलंस, वहिनीनंतर दुकानाचं कसं चाललंय. चाललंय. रंगीत काम सध्या घेत नाही, काळं आणि दुधाचं तेवढंच करतो. गुडघे दुखतात.

तुझी वहिनी रंगाच्या बाटल्यांच्या झाकणांवर सुरीने खाचा पाडायची, ते तुला आठवतं का? तू एकदा विचारलंस तर म्हणाली होती, “उंदरांनी कुरतडलंय.” काल ती झाकणं धुवायला काढली आणि तशीच परत ठेवली.

दादा


१२ मार्च

ठमे,

तुझं मोठं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तीनदा वाचलं.

तू लिहिलंस की पोरगा खोलीबाहेर येत नाही. भिंतीवरचा समुद्रमार्गांचा नकाशा त्याने उतरवला आणि गुंडाळून कपाटावर फेकला. तुझ्या सासूबाई येता-जाता म्हणतात, “आमच्या घरात असलं काही नव्हतं.” आणि पुढचं तू पेन दाबून लिहिलं आहेस, मागच्या बाजूला अक्षरं उमटलीत. तो सात वर्षांचा असताना त्याने झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून बाईंनी त्याला बाकावर उभं केलं, आणि घरी आल्यावर तूही एक ठेवून दिलीस, “लक्ष कुठे असतं तुझं?” म्हणून. त्या चापटीच्या आठवणीने आता तुला झोप लागत नाही. “माझ्यातच काहीतरी खोट असणार, दादा,” असं तू मला लिहितेस. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तू कागदावर मला दादा म्हणालीस आणि ते या वाक्यात.

ठमे, मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून.

हे लिहायला मला सहासष्ट वर्षं लागली आणि चार कागद फाडावे लागले.

तुझ्यात खोट नाही. मी आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदा ती ठिपक्यांची चित्रं पाहिली. मला एकही आकडा दिसला नाही. डॉक्टरीणबाई तुझ्या लेकाहून फार मोठ्या नसतील. त्यांनी समजावून सांगितलं की हे आईकडून मुलग्यात येतं, आईला स्वतःला बहुधा सगळं नीट दिसतं, तिला पत्ताही नसतो. आपल्या आईने मला दिलं आणि तुला दिलं. तुझ्याकडे ते झाकलेलं राहिलं, माझ्याकडे उघडं पडलं. मग मी ते झाकलं.

लहानपणी वाटायचं की सगळ्यांनाच असं दिसतं आणि मीच मठ्ठ आहे. मग कळलं, तसं नाही. तोवर गप्प राहायची सवय लागली होती. बिस्किटं भट्टीतून काढायला रंग कशाला लागतो? वास पुरतो. चॉकलेट तर त्याहून सोपं. पण पांढऱ्याला रंग देऊन विकायची चढाओढ सुरू झाली, आणि मला मागे राहायचं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी तुझ्या वहिनीसाठी हौसेने हिरवा स्वेटर आणला. तिने तो हिवाळाभर घातला. मग एके दिवशी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “खरं सांगा, हा तुम्हाला कुठला रंग वाटतो?” तो तपकिरी होता, म्हणे. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने झाकणांवर खाचा पाडल्या. एक खाच लाल, दोन पिवळा, तीन हिरवा.

पुढची सगळी वर्षं रंग तिने पाहिले आणि नाव माझं झालं. गिऱ्हाइकांसमोर ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि विचारायची, “झालं का?” म्हणजे अजून घाला. “झालं हं,” म्हणाली की थांबायचं. लोक म्हणायचे, “वहिनींना किती घाई!”

आता ती पानं.

चारशे पानं, फिकट हिरवी, लग्नाच्या जेवणाच्या टेबलांवर मांडायला. तुझी वहिनी तिच्या आजारी आईकडे गेली होती. हिरवा तू केलास. निघालीस तेव्हा पातेलं कोमट पाण्यावर होतं. पोराला ताप होता आणि तू म्हणालीस, “रंगाला हात लावू नकोस, दादा, नुसतं साच्यात घाल.” तू गेल्यावर मला वाटलं, फिकट झालंय. मला काय वाटावं, ठमे? मला त्यातलं काय कळत होतं? पण दुकानाच्या पाटीवर माझं नाव होतं आणि त्या दिवशी “झालं हं” म्हणणारं कुणी नव्हतं. नव्या बाटल्या त्याच दिवशी आल्या होत्या. त्यांच्यावर खाचा नव्हत्या, चिकटवलेल्या कागदावर नुसते आकडे. मी हिरवा म्हणून जी घेतली ती लाल होती. दहा-बारा थेंब घातले, घोटलं, साच्यात घातलं. चकाकी उत्तम आली. एकाही पानावर पट्टा नाही. मी एकट्याने चारशे पानं खोक्यांत भरली आणि कौतुकाने बघत बसलो.

सकाळी नवऱ्या मुलीचे वडील खोकं उघडं टाकत म्हणाले, “माझ्या मुलीच्या लग्नात सुकलेली पानं?” मला पानं नेहमीसारखीच दिसत होती. तू नुकतीच येऊन ॲप्रन बांधला होतास, पोर काखेत. मी म्हणालो, “हिने केलंय.” तू म्हणालीस, “मी निघाले तेव्हा हिरवा होता.” मी म्हणालो, “खोटं बोलू नकोस. तुझं लक्ष असतं कुठे? पोराला सांभाळायचं तर घरी बस.”

तू पोराला दुसऱ्या काखेत घेतलंस, ॲप्रन काढून लादीवर ठेवलास आणि तीन पायऱ्या चढून गेलीस. महिन्याभरात मेहुण्यांनी बदली घेतली.

वहिनी परतली. उरलेलं एक पान तिने उचलून पाहिलं आणि मला विचारलं, “रंग तुम्ही घातलात ना?” ती तुझ्याकडे यायला निघाली होती. मी तिला शपथ घातली. मागे तुला लिहिलं की ती पत्रं माझ्यापासून लपवायची. ती माझ्यामुळे तुझ्यापासूनही एक गोष्ट लपवत होती. ती तिला किती जड गेली असेल, याचा मी कधी विचार केला नाही.

तेव्हा बोललो असतो, तर सात वर्षांच्या पोराची पानं बघून तुला माझी आठवण झाली असती. तू हात उचलला नसतास. तो बोटींच्या मागे लागला नसता. हे सगळं मला दिसतं, यात लाल-हिरवा नाही.

हे पत्र पोराला दाखव. सासूबाईंनाही दाखव.

दादा


९ एप्रिल

ठमे,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मागत नाही. पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट अर्धी लिहिली, ती पुरी करायची राहिली आहे.

पानं मला नेहमीसारखी दिसली, हे खरं आहे. पण मुलीचे वडील “सुकलेली” म्हणाले त्याच क्षणी मला कळलं की मी बाटली चुकीची उचलली. मग मी तुझ्याकडे बोट दाखवलं. आधी कळलं, मग बोट दाखवलं. मला समजलं नव्हतं म्हणून तसं झालं, असं तुला वाटलं असतं आणि मला ते बरं पडलं असतं. तसं नव्हतं.

आणखी एक झालं. सोमवारी मी कारखान्यातल्या तिघी बायकांना लादीपाशी बोलावलं. दोघी अलीकडच्या आहेत, तुला माहीत नाहीत. तिसऱ्या आमच्या साचेमावशी. साचे धुवायला, पुसायला येतात म्हणून सगळे त्यांना तसं म्हणतात. तू गेलीस तेव्हा त्यांना लागून दोनच महिने झाले होते. उंच, दात पुढे, आठवतील.

मी घसा साफ केला. म्हणालो, “एक सांगायचंय. मला लाल आणि हिरवा ओळखू येत नाही. कधीच येत नव्हता.”

मग साचेमावशी म्हणाल्या, “आणि?”

“आणि काय? हेच.”

“हे होय. मला वाटलं, दुकान विकताय.” आणि त्या परत साचे पुसायला लागल्या.

ठमे, सगळ्यांना माहीत होतं. त्या पानांनंतर तुझ्या वहिनीने शपथ पाळून शपथ मोडली होती. तिने मावशींना एवढंच सांगितलं, “मालकांच्या हातात बाटली दिसली की जवळ जाऊन उभ्या राहा आणि रंगाचं नाव मोठ्याने घ्या.” पुढे जी कामाला आली तिला मावशींनी तेच सांगितलं. वीस वर्षं माझ्या कानावर पडतंय, “अगंबाई, लाल संपत आला वाटतं!” “हा हिरवा छान घोटलाय हं!” मला वाटायचं, बायका बडबड्या आहेत. एकदा तर मी ओरडलोही होतो की काम करा, रंगांची नावं काय पाठ करताय.

मी मावशींना विचारलं, “त्या दिवशी पानं तुम्ही पाहिली होती?”

“पाहिली की. तुम्ही खोकी भरत होता, मी झाडत होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही रंगांचे बादशहा. वाटलं, गिऱ्हाइकाला वाळकीच हवी असतील.” साचा पुसत म्हणाल्या, “आणि दुसऱ्या दिवशी ताईंना तुम्ही बोललात तेव्हा मी दाराआड उभी होते. हिरवा मी पाहिला होता. पण मी नवी, आणि तुमचा आवाज मोठा.”

त्या रडल्या. साचा हातातच होता. म्हणाल्या, “ताईंना लिहाल तेव्हा माझंही लिहा.” म्हणून लिहिलं.

दुकानातही आता कुणी रंगाबद्दल विचारलं तर मी सांगतो. परवा एक बाई म्हणाल्या, “अय्या, मग इतकी वर्षं कसं केलंत?” मी म्हणालो, “बायकोने केलं. बहिणीने शोधलं.” त्या निळ्याचंही सांगितलं, जांभळ्याच्या काडीसकट. फार उशिरा आहे, ठाऊक आहे.

दादा


२१ मे

ठमे,

भाचेबुवा आज परत निघाले. तू त्यांना येऊ दिलंस, याबद्दल आधी लिहितो आणि मग बाकीचं.

मंगळवारी दुपारी खिडकीत दोन पाय येऊन थांबले. मोठे बूट, नाडी सुटलेली. बराच वेळ हलेनात. मी म्हटलं, पत्ता चुकलाय कुणाचा तरी. मग ते पाय पायऱ्या उतरले आणि वरच्या तुळईवर डोकं आपटलं. आपल्या घरात एवढा उंच कुणी झाला नाही, म्हणून ओळखलं नाही. मग त्याने कपाळ चोळताना तोंड वाकडं केलं, ते हुबेहूब तुझं.

म्हणाला, “आईने पाठवलेलं नाही.” मग म्हणाला, “अडवलंही नाही.”

पहिला दिवस वाईट गेला. ते मी लपवत नाही. त्याने तुला नसेल सांगितलं तर मी सांगतो. तो लादीच्या पलीकडे उभा राहून म्हणाला, “तुम्ही बोलला असता तर मी सहा वर्षं त्या परीक्षांमागे घालवली नसती.” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “आई तुमच्यावर वीस वर्षं रागावली होती, आणि वर लोकांना तुमचं कौतुकही सांगायची. माझा दादा, माझा दादा. मला तुमचा फार कंटाळा यायचा.” त्यालाही मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी सकाळी तो फळांच्या टोपलीपाशी उभा होता. केळं उचलून त्याने हुंगलं आणि परत ठेवलं.

मी विचारलं, “नाकाने ओळखतोस?”

“हो. तुम्ही?”

“मी देठ दाबून बघतो.”

“आणि टोमॅटो?”

“तुझी मामी सांगायची. आता भाजीवालीवर सोपवलंय.”

“सिग्नल?”

“वरचा थांब, खालचा चल.”

“माझंही तेच. आडवा असला की माझी पंचाईत होते.”

“आडवा असतो?” मी म्हटलं. “अरे बापरे.”

तो हसला. ठमे, सहासष्ट वर्षांत मला असा माणूस भेटला नव्हता. तुझी वहिनी सगळं जाणून होती, सांभाळून घेत होती. पण मला जे दिसतं ते तिला कधी दिसलं नाही आणि मला ते कधी तिला समजावता आलं नाही. या पोराला समजावावं लागलं नाही. आम्ही पूर्ण दुपार बोलत बसलो. वाढदिवसाच्या फुग्यांपासून ते गालिच्यावर सांडलेल्या सरबताच्या डागापर्यंत. तो डाग घरात सगळ्यांना दिसत होता, त्याला सोडून, म्हणून तोच त्यावर बसला होता, म्हणे. तू त्याची पँट भिजवून ठेवलीस आणि तो विचारत राहिला, कशाला? साचेमावशी म्हणाल्या, “या दोघांना आज कुणीतरी काम सांगा.”

मग काम सांगितलं. लादीवर त्याचा हात अजून कच्चा आहे, कोपरात अडतो. पण त्याने चॉकलेट ओठाला लावलं आणि म्हणाला, “मामा, अजून किंचित गरम आहे.” मी माझ्या ओठाला लावलं. होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं पहिलं पातेलं जमलं, थिजलं, आणि मोडल्यावर टक्‌ वाजलं. तो तुकडा त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मी म्हटलं, “अरे, वितळेल खिशात.” म्हणाला, “वितळू दे.”

मी त्याला इथे थांब म्हटलेलं नाही. तुझ्या संमतीशिवाय म्हणणारही नाही. बंदरावर माल मोजायची एक नोकरी आहे, तिथे हे डोळे चालतात, असं तो म्हणत होता. नकाशा परत भिंतीवर लावणार आहे. हे त्याने मला सांगितलं, तुला सांगितलं नसेल तर मी सांगितलं असं म्हणू नकोस.

काल शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, “आपण रंग करायचा?”

“कोण बघणार?”

“आपणच.”

आम्ही पांढरं चॉकलेट लादीवर पसरून जमवलं. रंगाच्या सगळ्या बाटल्या काढल्या, एका मोठ्या फडक्याखाली सरमिसळ केल्या, खाचा कळू नयेत म्हणून झाकणं काढून बाजूला ठेवली, आणि आपल्याला छान वाटेल ते घालायचं असं ठरवलं. थोडा हा, थोडा तो. तो म्हणायचा, “अजून जरा,” मी म्हणायचो, “आता पुरे.” बायका दारात जमल्या. मी बजावलं होतं की कुणीही तोंड उघडायचं नाही, जी उघडेल तिला हत्तीचा साचा घासायला लावीन. मधेच एक जण “अगंबाई!” म्हणाली आणि बाहेर पळाली. ते कौतुकाने की कशाने, मला माहीत नाही. मावशींनी पदर तोंडात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

पण ठमे, आम्हा दोघांना तो रंग फार आवडला. शांत होता. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी रस्ता दिसतो ना, तसा. भाचा म्हणाला, “मामा, मला हा रंग माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही.”

पाकळ्यांच्या साच्यात घातला. छत्तीस झाल्या. चकाकी चांगली आली आहे, तेवढं मी छातीठोक सांगतो. खोकं त्याच्या हाती पाठवतोय. वाटेत झाकण उघडून कुणाला दाखवायचं नाही असं त्याने मला वचन दिलंय.

आम्ही कुणाला विचारलं नाही. तू उघड, खिडकीपाशी उजेडात धर, आणि कुठला रंग झालाय ते मला लिहून पाठव. वाईट झाला असेल तर वाईट म्हणून लिही.

तुझा,
दादा